हाताला यश आहे ताई, पेरणीचं गणित चुकलं

पत्र: आम्ही दोन वर्षांपूर्वी साताऱ्याच्या जरा बाहेर घर बांधलं. मागे १२ बाय २० फुटांची मोकळी जागा आहे, लांबी दक्षिणोत्तर. माती काळी, चिकण. सकाळपासून दुपारी दोनपर्यंत ऊन, मग शेजारच्या इमारतीची सावली. सासूबाई ७८ वर्षांच्या. गुडघ्यांमुळे त्यांना वाकता येत नाही, पण परसात भाजी असावी ही त्यांची फार इच्छा. म्हणून मृग लागताच मी सगळं एकदम लावलं. मेथी जुलैत पिवळी पडून सडली. कोथिंबीर उगवलीच नाही. मिरचीची पानं चुरगळली, भेंडी पिवळी पडली. दुधीचे सहा वेल पसरले, पण बोटाएवढी फळं धरून गळून गेली. लाल माठ तेवढा आला, तोही इतका एकदम की चार घरी वाटावा लागला. हे म्हणतात, वीस रुपयांना जुडी मिळते, कशाला एवढा खटाटोप? आता घट बसलेत आणि घटातलं धान्य चौथ्या दिवशी तरारून वर आलंय. मग परसातच काय होतं? माझ्या हाताला यश नाही का?
— एक वाचक भगिनी, सातारा

ताई,

घटातलं धान्य तुमच्याच हाताने पेरलंय ना? मग हाताचा प्रश्न तिथेच मिटला. हे उत्तर दसऱ्याच्या आधी तुमच्यापर्यंत पोहोचावं म्हणून मी संपादकांना गळ घातली आहे, कारण वर्षातला सगळ्यात चांगला हंगाम आता तुमच्या दाराशी आलाय. जूनपेक्षा कितीतरी चांगला.

आधी देवघरात जाऊन त्या घटाकडे पुन्हा एकदा नीट बघा. मातीचा घट सच्छिद्र असतो, त्यातून पाणी हळूहळू पाझरतं. माती ओलसर राहते, पण तिचा चिखल होत नाही. शेतकरी याला वाफसा म्हणतात: मातीत ओल आहे आणि हवाही आहे. बी याच अवस्थेत उगवतं. तुमच्या परसात जुलैमध्ये वाफसा कधी आलाच नाही. काळी चिकण माती, वरून धो धो पाऊस, सपाट जमीन. मेथीची मुळं पाण्यात बुडून कुजली. तुम्ही काहीही केलं असतं तरी ती त्या जागी त्या महिन्यात टिकली नसती.

घटातलं आणखी एक बघा. धान्य उंच वाढलंय, पण पिवळसर आहे. देवघरात ऊन नाही म्हणून. तुमच्या परसात दोनपर्यंत ऊन आहे, म्हणजे हिवाळ्यातही सहा-सात तास. भाजीला तेवढं पुरतं. दुपारनंतरच्या सावलीची खंत करू नका. एप्रिल-मेमध्ये तिचे उपकार वाटतील.

आता मातीबद्दल, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे. घर नवीन आहे म्हणता, तेव्हा मला आधी शंका येते ती राडारोड्याची. माझ्या पहिल्या परसात कुदळ मारली तेव्हा वरच्या चार इंचांखाली विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळं, तारेचे तुकडे आणि फरशीच्या कपच्या निघाल्या. बांधकाम संपल्यावर सगळं तिथेच लोटून वर माती पसरलेली होती. मी त्यावर दोन वर्षं खत ओतत बसले होते. सिमेंटचा चुना मातीत उतरला की माती जास्त विम्ल, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची होते. मग लोह मातीत असूनही मुळांना ते घेता येत नाही, आणि कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून मधेमधे पिवळी पडतात. तेव्हा एका कोपऱ्यात फूटभर खणून बघा. राडारोडा निघाला तर गडी लावून वाफ्यांच्या जागेपुरता तरी काढून घ्या. पैसे खर्च करायचेच असतील तर इथे करा. कुंड्या, रंगीत झाऱ्या, औषधं यांवर नको. जमलं तर अर्धा किलो माती पिशवीत भरून माती परीक्षणाला द्या. कृषी विज्ञान केंद्रात चौकशी केली की कुठे द्यायची ते कळतं.

वाफे उंच करायचे, म्हणजे गादीवाफे. रुंदी तीन फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत हात पोहोचतो आणि वाफ्यावर पाय द्यावा लागत नाही. काळ्या मातीवर एकदा पाय पडला की ती दगडासारखी बसते. लांबी दहा फूट, उंची वीतभर. असे चार वाफे आडवे काढा, मध्ये दीड-दीड फुटाची वाट ठेवा. चार वाफे आणि तीन वाटा मिळून साडेसोळा फूट होतात. उत्तरेच्या टोकाला साडेतीन फुटांची पट्टी उरते, ती वेलांच्या मांडवाला. मांडव उत्तरेलाच हवा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे मांडवाची सावली भाजीवर पडत नाही. प्रत्येक वाफ्यात दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि पाव किलो निंबोळी पेंड मिसळा. शेणखत कुजलेलंच हवं. हातात घेतलं की भुसभुशीत लागतं, वास मातीचा येतो, शेणाचा नाही. मी एकदा घाईने ताजं शेण घातलं आणि पुढे वाफ्यात इंग्रजी सी सारख्या वळलेल्या पांढऱ्या हुमणीच्या अळ्याच अळ्या झाल्या. उभी वांगी मुळापासून खाल्ली त्यांनी.

पेरायच्या आधी वाफसा हाताने बघायचा. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेएवढ्या उंचीवरून खाली टाका. फुटला तर पेरा. चेंडूसारखा राहिला तर दोन दिवस थांबा. गोळाच होत नसेल तर आधी पाणी द्या. ऑक्टोबरात परतीचा पाऊस एखादा तडाखा देतोच, तेव्हा ही परीक्षा दर वेळी घ्या.

आता तुमची मुख्य चूक सांगते, आणि ती जवळजवळ प्रत्येकजण करतो: पुडी फोडली की सगळी रिकामी करायची. लाल माठ चार घरी वाटावा लागला तो त्यामुळेच. शेतकऱ्याला सगळा माल एकदम हवा असतो, कारण त्याला तो बाजारात न्यायचा असतो. आपल्याला हवी असते आठवड्यातून दोनदा, चार माणसांना पुरेल एवढी भाजी. तेव्हा परसबाग शेताच्या हिशेबाने नाही, स्वयंपाकघराच्या हिशेबाने पेरायची. थोडं पेरा, पण पेरत राहा.

पहिला वाफा पालेभाज्यांचा. त्याचे दोन-दोन फुटांचे पाच तुकडे करा, मध्ये काडी आडवी ठेवून खूण करा. पहिल्या तुकड्यात दोन-तीन चहाचे चमचे मेथी, बोटाने ओढलेल्या उथळ रेघांमध्ये. आठ दिवसांनी दुसऱ्या तुकड्यात पालक किंवा पुन्हा मेथी. मग शेपू, मग चाकवत, मग कोथिंबीर. मेथी महिन्याभरात उपटायला येते, तोपर्यंत तुम्ही चौथ्या-पाचव्या तुकड्यावर असाल. रिकामा झालेला तुकडा खुरप्याने हलवून, ओंजळभर खत घालून पुन्हा पेरा. पालक उपटू नका, दोन बोटं देठ ठेवून कापा. पंधरा-वीस दिवसांनी तो पुन्हा कापायला येतो, असा चार-पाच वेळा.

कोथिंबिरीचं तुम्ही विचारलंय. धणा अख्खा पेरला असणार. एका धण्यात दोन बिया असतात, कवच टणक. कापडावर पसरून वाटीच्या बुडाने हलक्या हाताने रगडा, धणा दुभंगला पाहिजे, पीठ होता कामा नये. रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी सावलीत फडफडीत करून पेरा. डब्यातले धणे जुने असतील तर उगवत नाहीत, तेव्हा बियाण्याचेच घ्या. आणि धीर धरा. मेथी तीन-चार दिवसांत डोकं काढते, कोथिंबिरीला आठ-दहा दिवस, कधी बारा लागतात. बरेच जण सातव्या दिवशी वाफा उकरून बघतात आणि कोंब मोडतात.

दुसरा वाफा: सहा टोमॅटो, चार वांगी. बस्स. वांग्यांमध्ये अडीच फुटांचं अंतर, टोमॅटोंमध्ये दीड-पावणेदोन. रोपं एवढीशी असतात तेव्हा हे अंतर फार वाटतं आणि मन होतं की मध्ये आणखी दोन खुपसावीत. खुपसू नका. हवा खेळली नाही की करपा येतो. रोपं रोपवाटिकेतून आणा. चार-पाच आठवड्यांची, बुटकी, जाड खोडाची निवडा. फुलं लागलेलं उंच रोप दिसायला छान, पण ते लावल्यावर नीट रुजत नाही. संध्याकाळी लावा. टोमॅटोच्या काठ्या रोपाबरोबरच रोवा, नंतर रोवल्या तर मुळं तुटतात.

तिसऱ्या वाफ्यात सहा-आठ मिरच्या, आणि कडेने लसूण, पातीसाठी कांदा. चौथ्यात मुळा आणि बीट. गाजराचा हट्ट या वर्षी नको, चिकण मातीत त्याला फाटे फुटतात. पुढच्या वर्षी टोमॅटो, वांगी, मिरची यांची जागा बदला. तिघं एकाच कुळातली, त्यांचे रोगही सामायिक. त्यांच्या जागी चवळी, गवार किंवा मेथी आली की मातीला नत्रही मिळतं.

मिरचीची पानं चुरगळली म्हणजे नेमकी कशी, हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि तिथेच खरी गोम आहे. पानाच्या कडा वर वळून पान होडीसारखं झालं असेल तर बहुतेक फुलकिडे. कडा खाली वळून होडी पालथी झाली असेल तर कोळी, म्हणजे पानाचा रस शोषणारी अगदी बारीक कीड. खात्री करायची असेल तर पांढऱ्या कागदावर मिरचीचं फूल आणि कोवळा शेंडा टिचकीने झटका आणि दहा सेकंद टक लावून बघा. सुईच्या टोकाएवढे पिवळट कण कागदावर चालू लागले तर ते फुलकिडे. कोळी याहून बारीक असतात, त्यांना भिंग लागतं. आणि शेंड्याची पानं बारीक होऊन गुच्छासारखी जमली असतील, झाड खुजं राहिलं असेल, तर तो विषाणू. तो पांढरी माशी आणते आणि त्याला औषध नाही. असं झाड उपटून पिशवीत बांधून टाका, खतात टाकू नका. किडींसाठी निंबोळी अर्क घरीच करा: पाव किलो निंबोळीचा भरडा रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी फडक्याने गाळा, पाणी घालून पाच लीटर करा, चमचाभर साबणाचा चुरा विरघळवा. संध्याकाळी फवारा, पानाच्या खालच्या बाजूने, दर आठ-दहा दिवसांनी. कीड खालीच असते आणि फवारणी मात्र सगळे वरून करतात.

भेंडीचा पिवळेपणा शिरांपासून सुरू होऊन पानभर जाळी झाली होती का? मग तो केवडा रोग, तोही पांढऱ्या माशीचाच. झाडं उपटणं हाच उपाय. पुढच्या वेळी केवड्याला दाद न देणारा वाण मागून घ्या. परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेला परभणी क्रांती त्यासाठीच ओळखला जातो. पण आता भेंडी लावू नका. थंडीत ती नुसती उभी राहते. फेब्रुवारीत पेरा, दीड महिन्यात तोडणी सुरू होईल.

दुधीबद्दल वाचून मला वाईट वाटलं, कारण सहा वेल वाढवायला किती मेहनत लागली असेल ते कळतं. एका घराला एक वेल पुरतो, फार तर दोन. फळं बोटाएवढी होऊन गळली याचा अर्थ बहुतेक परागीभवन झालं नाही. दुधीला नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी. मादी फुलाच्या मागे बाळदुधी आधीच असतो, लव असलेला, अंगठ्याएवढा. नर फुलाला नुसता लांब देठ. दुधीचं पांढरं फूल उमलतं दिवेलागणीला, तेव्हा मधमाश्या घरी परतलेल्या असतात. ते काम रात्रीचे पतंग करतात, आणि पावसाळी रात्री तेही फिरकत नाहीत. तेव्हा ते आपण करायचं. संध्याकाळी नर फूल तोडा, पाकळ्या मागे सारा, मधली दांडी मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा, पिवळी पूड चिकटलेली दिसते. तीन-चार दिवसांत बाळदुधीची मान खाली झुकली आणि तो फुगू लागला की समजा जमलं. फेब्रुवारीत एक वेल लावून हे करून बघा. एक मात्र कायम लक्षात ठेवा: घरचा असो की बाजारचा, दुधी चिरल्यावर तुकडा चाखा. कडू लागला तर अख्खा टाकून द्या. कडू दुधीच्या रसाने विषबाधा होते, माणसं दवाखान्यात पोहोचतात.

या हिवाळ्यात मांडवावर वाल किंवा पावटा चढवा. खरं तर पावसाळ्यातच पेरायला हवा होता, त्यामुळे वेल लहान राहील. पण गावरान वालाला दिवस लहान झाले की फुलायचंच असतं, शेंगा धरतील. (तुमच्या जिल्ह्याचा मानाचा वाघ्या घेवडा वेगळा, तो दाण्यासाठी आणि पावसाळ्यातला.) वालाच्या शेंड्यावर काळा मावा येईल, घाबरू नका. पाण्याचा जोरदार फवारा मारला की निम्मा धुऊन जातो. तिथेच काळसर, अंगावर नारिंगी ठिपके असलेली काटेरी अळी फिरताना दिसली तर ती मारू नका. ती ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी, मावा खाणारी.

पाणी हिवाळ्यात रोज नको. बोट दोन पेरं मातीत खुपसा, ओल लागली तर पुढे चला. तुमच्या भागात उसाचं पाचट मिळतं. ते बारीक करून टोमॅटो-वांग्याच्या बुडाशी दोन इंच पसरा, खोडाला टेकू न देता. पाणी कमी लागतं आणि काळ्या मातीला भेगा कमी पडतात.

सासूबाईंसाठी मी पत्र दोनदा वाचलं. बाग त्यांच्या इच्छेने सुरू झाली आणि त्यांना ती खिडकीतूनच बघावी लागत असेल, तर ते बरोबर नाही. मागच्या दाराच्या ओट्यावर, खुर्चीत बसून हात पोहोचेल अशा उंचीवर फळांचे दोन-तीन प्लास्टिकचे क्रेट ठेवा. आत गोणपाट, त्यावर निम्मी माती, निम्मं शेणखत आणि नारळाच्या शेंड्यांचा भुगा. त्यात कोथिंबीर, पुदिना, लसणाची पात. ते वाफे त्यांचे. काय पेरायचं, कधी खुडायचं, त्यांनी ठरवायचं. आणि त्यांना विचारा, माहेरी परसात काय काय असायचं. चंदनबटवा, चुका, अंबाडी, घोळ अशी नावं निघतील. बियाणंही कदाचित गावी कुणाच्या तरी उतरंडीत सापडेल. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असंच घरोघरचं गावरान बियाणं जपलं, २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. संकरित टोमॅटोचं बी धरून ठेवलं तर पुढच्या वर्षी तसंच झाड येत नाही. गावरान वालाचं, अंबाडीचं, माठाचं येतं. प्रत्येकाचं एक सगळ्यात जोमदार झाड भाजीसाठी न तोडता बियांना सोडा. कोणतं सोडायचं ते सासूबाई बरोबर सांगतील.

तुमच्या यजमानांचं म्हणणं अगदीच चूक नाही. कांदा, बटाटा, कोबी परसात पिकवण्यात अर्थ नाही, जागा फार खातात आणि बाजारात बारा महिने मिळतात. पण कोथिंबीर, मिरची, कढीपत्ता ही रोज लागणारी, एवढीशी लागणारी आणि फ्रिजमध्ये मरणारी भाजी आहे. आणि चाकवत बाजारात किती वेळा दिसतो? एकदा ताकातला चाकवत करून वाढा, मग त्यांच्याशी बोला.

रोज सकाळी चहाचा कप घेऊन दहा मिनिटं वाफ्यांमधून फिरा. काम करायला नाही, बघायला. प्रत्येक वाफ्यातलं एक पान उलटून बघायचं. मिरचीवर कीडच असेल, तर ती पहिल्या आठवड्यात दिसली असती आणि मिरची वाचली असती.

सगळे वाफे दसऱ्याच्या आत होणार नाहीत, घाई करू नका. एकच करा, मेथीचा. घट उठले की ती माती आणि धान टाकून देऊ नका, थोडं डोक्यात खोवून झालं की उरलेलं या वाफ्यात मिसळा आणि त्याच दिवशी पहिल्या दोन फुटांत मेथी पेरा. रोपांसाठी दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात रोपवाटिकेत जा. मेथी तुळशीच्या लग्नापर्यंत उपटायला यायला हवी. आली की कळवा, आणि मिरचीची पानं वर वळली होती की खाली, तेही.